फेरान कोरोमिनास यांची गोव्यातील कारकीर्द आणि पिंपरी-चिंचवड–चाकण परिसरातील क्लब फुटबॉल : एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

२०१७ ते २०२० या तीन हंगामांत फेरान कोरोमिनास ऊर्फ ‘कोरो’ या स्पॅनिश आघाडीपटूने एफसी गोवा या क्लबकडून इंडियन सुपर लीगमधील ५७ सामन्यांत ४८ गोल केले. पुढे बार्थोलोम्यू ओग्बेचे आणि सुनील छेत्री यांनी ही संख्या ओलांडली. तथापि इतक्या कमी सामन्यांत इतके गोल करण्याची ही कामगिरी भारतीय क्लब फुटबॉलच्या इतिहासात लक्षणीय ठरते.

या कारकिर्दीकडे सामान्यतः आकडेवारीच्या अंगाने पाहिले जाते. परंतु परदेशी खेळाडू ज्या भूमीत येऊन खेळतो तेथे कोणती क्रीडापरंपरा उभी असते आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरते, हे प्रश्न क्रीडा-इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहेत. याच काळात याच लीगमध्ये पुण्याचाही एक क्लब खेळत होता. त्याचे मैदान बालेवाडीत, म्हणजे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीला अगदी लागून होते. भांडवल, मैदान व परदेशी खेळाडू दोन्ही ठिकाणी होते. तरीही गोव्याचा क्लब टिकला व पुण्याचा २०१९ मध्ये संपुष्टात आला. या भिन्न परिणामांची कारणे प्रस्तुत लेखात तपासली आहेत.

स्पेनमधील जडणघडण

कोरोमिनास यांचा जन्म १९८३ मध्ये कॅटलोनियातील जिरोना प्रांतात झाला. बार्सिलोना शहरातील एस्पान्योल या क्लबच्या युवा संघातून ते पुढे आले. २००६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरले. एप्रिल महिन्यात एस्पान्योलने सारागोसाचा ४-१ असा पराभव करून कोपा देल रे ही स्पर्धा जिंकली. त्यातील एक गोल कोरोमिनास यांचा होता. त्यानंतर महिनाभरातच, १३ मे रोजी, लीगच्या शेवटच्या सामन्यात क्लबवर दुसऱ्या श्रेणीत घसरण्याचे संकट उभे राहिले. रेआल सोसिएदादविरुद्धच्या त्या सामन्यात भरपाई वेळेत कोरोमिनास यांनी गोल केला आणि क्लब वाचला.

यानंतर ओसासुना, जिरोना, एल्चे, मायोर्का व सायप्रसमधील दोक्सा असा त्यांचा प्रवास झाला. युरोपच्या दृष्टीने हा उतरत्या आलेखाचा काळ होता. २०१७ मध्ये गोव्यात दाखल झाले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. लीगच्या आरंभीच्या हंगामांत कारकिर्दीच्या अखेरीस आलेले अनेक नामवंत परदेशी खेळाडू मुख्यतः प्रेक्षक आकर्षित करण्यासाठी आणले जात. कोरोमिनास यांचे नाव भारतात फारसे परिचित नव्हते. त्यांची ओळख त्यांच्या खेळातूनच निर्माण झाली.

गोव्यातील तीन हंगाम

स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी गोव्याच्या संघाला चेंडू स्वतःकडे ठेवून खेळण्याची पद्धत दिली. अहमद जाहू, एदू बेदिया, ह्यूगो बूमूस आणि गोमंतकीय ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारखे खेळाडू मधल्या फळीत असल्याने आघाडीपटूचे काम विशिष्ट झाले. बचावपटूच्या पाठीमागील मोकळी जागा हेरायची, योग्य क्षणी धाव घ्यायची आणि कमीत कमी स्पर्शांत चेंडू जाळ्यात धाडायचा. वयामुळे कमी झालेल्या वेगाची उणीव कोरोमिनास यांनी जागेच्या जाणिवेने भरून काढली.

२०१७-१८ च्या हंगामात त्यांनी १८ गोल करून गोल्डन बूट मिळवला. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी बंगळूरुविरुद्ध (४-३) आणि ९ डिसेंबर रोजी केरळ ब्लास्टर्सविरुद्ध (५-२) अशा लागोपाठच्या दोन सामन्यांत त्यांनी हॅट्ट्रिक केली. दुसऱ्या हॅट्ट्रिकमधील तिन्ही गोल मध्यंतरानंतरच्या अवघ्या काही मिनिटांतील होते. २०१८-१९ मध्ये १६ गोलांसह पुन्हा गोल्डन बूट व हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्यांना लाभला. मात्र १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात गोव्याला ०-१ अशी हार पत्करावी लागली. जादा वेळेतील तो निर्णायक गोल बंगळूरुच्या राहुल भेके या मुंबईकर बचावपटूने केला, हेही नोंद घेण्यासारखे आहे. पुढच्याच महिन्यात भुवनेश्वर येथे चेन्नईयिनला २-१ असे नमवून गोव्याने सुपर कप जिंकला; त्यात कोरोमिनास यांचा एक गोल होता.

२०१९-२० मध्ये त्यांनी १४ गोल केले. हंगाम सुरू असतानाच लोबेरा यांना पदावरून दूर करण्यात आले, तरी संघ १८ सामन्यांत ३९ गुणांसह अग्रस्थानी राहिला. त्या हंगामापासून सुरू झालेली लीग विजेत्यांची ढाल गोव्याने पटकावली. त्यामुळे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान गोव्याला मिळाला. २०२१ मध्ये फातोर्डा येथे ते सामने झाले तेव्हा कोरोमिनास संघात नव्हते. ज्या दारापर्यंत त्यांनी संघाला नेले त्यातून तो त्यांच्याशिवाय आत गेला. क्लब व्यक्तीपेक्षा मोठा झाल्याचे हे लक्षण मानता येईल.

गोव्याची क्रीडाभूमी

गोव्यातील फुटबॉलला पोर्तुगीज काळापासूनची परंपरा आहे. गावोगावचे संघ आणि त्यांच्यातील चुरस ही तिची खरी बैठक होय. साळगावकर व धेंपे या खाण उद्योगातील घराण्यांनी आपल्या नावांचे क्लब दीर्घकाळ पोसले. म्हणजेच उद्योगांचा आश्रय गोव्यातही होता. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो व स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, तेव्हा गोव्यालाही मोठा धक्का बसला. परंतु हे क्लब नष्ट झाले नाहीत, ते राज्याच्या लीगमध्ये खेळत राहिले. वरचा मजला ढासळला तरी पाया शाबूत राहिला. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या एफसी गोवाला प्रेक्षक व स्थानिक खेळाडू मिळाले ते याच पायामुळे.

मुळेच्या काठावरील क्लब

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. पुढे टेल्को व बजाज ऑटो आले. एकविसाव्या शतकात चाकण हे वाहन उद्योगाचे केंद्र झाले. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या स्पॅनिश कंपन्यांचे कारखानेही चाकण परिसरात आहेत. स्पेनशी या पट्ट्याचा संबंध असा प्रथम यंत्रशाळेतून आला.

फुटबॉलमध्येही येथे भांडवल आले. पिरामल उद्योगसमूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स हा आणखी एक संघ अल्पकाळ आय-लीगमध्ये होता. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी बालेवाडीच्या मैदानावर खेळू लागला. २०१७-१८ मध्ये गोवा व पुणे यांचे प्रत्येकी ३० गुण होते आणि ते तिसऱ्या व चौथ्या स्थानी राहिले. बालेवाडीतील सामना मात्र गोव्याने ४-० असा जिंकला. यावरून खेळाच्या पातळीवर दोन्ही क्लबांत फार मोठी दरी नव्हती, असे दिसते. तरीही आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये पुण्याचा क्लब बंद पडला व लीगमधील त्याची जागा हैदराबादने घेतली. सुमारे पाच वर्षांत या परिसरातील चारही व्यावसायिक क्लब राष्ट्रीय स्पर्धांतून नाहीसे झाले.

याचे स्पष्टीकरण या पट्ट्याच्या औद्योगिक इतिहासातच शोधता येते. मोठ्या कारखान्याभोवती येथे शेकडो लघुउद्योग वाढले. भोसरी व चाकणची भरभराट त्यांच्यावरच झाली. फुटबॉल क्लबांभोवती मात्र वस्त्यांचे, शाळांचे व कामगार वसाहतींचे संघ त्या प्रमाणात उभे राहिले नाहीत. पुण्यातील फुटबॉलची जुनी केंद्रे कॅम्प व खडकी या लष्करी भागांत होती, तर पिंपरी-चिंचवडच्या मूळ गावांचे खेळ कबड्डी व कुस्ती हे होते. परिणामी मालकाने हात आखडता घेताच क्लबला आधार उरला नाही.

परदेशी आघाडीपटू आणि भारतीय खेळाडू

कोरोमिनास यांच्या यशाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. त्यांच्या काळात मनवीर सिंग हा भारतीय आघाडीपटू गोव्याच्या संघात बहुतांशी बदली खेळाडू राहिला. २०२० मध्ये कोलकात्याच्या क्लबकडे गेल्यावर त्याचा खेळ बहरला. मडगाव परिसरातील लिस्टन कुलासो यालाही संधीसाठी जानेवारी २०२० मध्ये हैदराबाद गाठावे लागले. २०२१-२२ पासून लीगने मैदानावरील परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आणली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

येथे पुण्याच्या बाजूने एक महत्त्वाची नोंद करावी लागते. पुणे एफसीने उभारलेली व पुढे एफसी पुणे सिटीकडे आलेली निवासी अकादमी मामुर्डी येथे, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत होती. केरळमधील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन येथे घडला आणि २०१६ मध्ये स्पेनमधील व्हिलारियालच्या तिसऱ्या संघाकडे गेला. पुढे तो भारताकडूनही खेळला. स्पेनहून गोव्यात आलेला आघाडीपटू कारकिर्दीच्या संध्याकाळी होता. मामुर्डीहून स्पेनला गेलेला मुलगा कारकिर्दीच्या पहाटे. गोल कोरोमिनास यांचे लक्षात राहिले, परंतु दूरगामी शक्यता मामुर्डीतील प्रयत्नात अधिक होती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, कुशल परदेशी आघाडीपटू क्लबला विजय मिळवून देतो, पण आयुष्य देऊ शकत नाही. गोव्यात कोरोमिनास यांचे गोल एका जुन्या परंपरेच्या खात्यावर जमा झाले. म्हणून ते २०२० मध्ये स्पेनला परतल्यावरही क्लब उभा राहिला. पुणे परिसरात भांडवल आले, मैदान होते, अकादमीही होती. परंतु या तिन्हींना जोडणारी वस्तीपातळीवरील रचना घडण्यापूर्वीच क्लब बंद झाले. ज्या पट्ट्याने सुट्या भागांपासून संपूर्ण वाहन उभे करण्याची विद्या आत्मसात केली, त्याला खेळाच्या क्षेत्रातही हाच क्रम पाळावा लागेल. शाळा, कामगार वसाहती व स्थानिक लीग हे सुटे भाग प्रथम तयार झाले पाहिजेत. त्यानंतर येणारा परदेशी खेळाडू, तो तीन हंगामच खेळला तरी, येथील मुलांना शिकण्यासारखे काही मागे ठेवून जाईल.