हाफकिन यांची प्लेगची लस
१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा सरकारने सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसरसावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्या आधाराने जंतू वाढविले, उष्णतेने ते मारले आणि या मृत जंतूंची लस, म्हणजे शरीराला रोगाची आगाऊ ओळख करून देणारे द्रव्य, १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावल्यामुळे हाफकिन यांच्यावर ठपका आला, तो कालांतराने दूर झाला. १८९९ मध्ये परळला हलविलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.