विलेपार्ल्याचे रूळ आणि सहारचा विमानतळ

आमचे थोरले बंधू अण्णा १९८६ च्या मे महिन्यात नोकरीसाठी मस्कतला गेले. त्यांना पोचवायला आम्ही चार माणसे बेळगावहून निघालो. त्या काळी आमच्याकडे मीटरगेज होता. मिरजेला उतरायचे, हमाल करायचा, सामान पलीकडच्या फलाटावर न्यायचे आणि मोठ्या गाडीत बसायचे. सामान तरी केवढे! पत्र्याची ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी आणि मस्कतला कुणाला तरी द्यायचा म्हणून दोन शेर कुंदा. पण एवढे सगळे घेऊन आम्ही दादरला वेळेवर आणि सुखरूप उतरलो, हे आज मुद्दाम नोंदवतो. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरच्या प्रवासात काही अडले नाही. अडले ते पुढच्या आठ-नऊ मैलांत.

दादरहून अंधेरीला लोकल होती, पण ट्रंक घेऊन गर्दीच्या डब्यात शिरणे अशक्य आणि लगेजच्या डब्यात आईला बसवणे त्याहून अशक्य. शिवाय अंधेरीला उतरूनही सहार दोन-अडीच मैल उरतेच. शेवटी मामांनी टॅक्सी ठरवली. टॅक्सीत चौघेच बसणार. अण्णा, वडील, वाट दाखवायला मामा आणि ट्रंक उचलायला मी. आईने दादरच्या पुलाखालीच अण्णांच्या हातावर दही घातले आणि म्हणाली, "पोचलास की कागद टाक रे." विमानतळ तिने पाहिलाच नाही. टॅक्सीला जे पैसे पडले ते बेळगाव-दादर तिकिटापेक्षा जास्त होते, आणि वाटेत गाड्यांच्या रांगेत असे अडकलो की अण्णा घड्याळाकडे बघायचेही थांबले.

परत येताना मात्र आमच्याजवळ ओझे नव्हते. बेस्टच्या बसने अंधेरी गाठली आणि लोकलमध्ये बसलो. विलेपार्ले सुटले आणि डोक्यावरून एक विमान इतक्या खालून गेले की डब्यातले बोलणे बंद पडले. मामा म्हणाले, "बघ, हाच असेल तुझा अण्णा." तो अण्णा नव्हता, त्याचे विमान रात्रीचे होते. पण विमानतळ रुळांच्या इतका जवळ आहे हे मला तेव्हा कळले, आणि मग तो रुळांना जोडलेला का नाही हा प्रश्न जो डोक्यात बसला तो पुढची चाळीस वर्षे उठला नाही.

मुंबईत रूळ आधी आले, हे सांगायला नकोच. विलेपार्ले-सांताक्रुझवरून जाणारी बी. बी. अँड सी. आय. ची गाडी १८६७ पासून धावते आहे. विमान आले ते १९२८ मध्ये जुहूला. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन उतरले ते याच जुहूच्या धावपट्टीवर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रुझला लष्करी विमानतळ झाला, आणि युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास, मुलकी विमाने जुहूहून तिकडे गेली. १९५८ मध्ये प्रवाशांसाठी इमारत उभी राहिली. विलेपार्ले स्टेशनापासून ती मैल-दीड मैलाहून लांब नव्हती. एखादा फाटा किंवा नुसता छत असलेला पादचारी रस्ता काढणे त्या दिवसांत, भोवती वस्ती विरळ असताना, फार अवघड होते असे मला वाटत नाही.

ही कल्पना कोणाला सुचण्यासारखी नव्हती असेही नाही. लंडनजवळच्या गॅटविकला १९३६ मध्येच विमानतळाची इमारत आणि रेल्वे स्टेशन भुयारी वाटेने जोडले होते. व्हिक्टोरिया स्टेशनावर गाडीत बसलेला माणूस पावसाचा थेंब अंगावर न घेता विमानापर्यंत जाई. १९५८ मध्ये, म्हणजे आपली सांताक्रुझची इमारत झाली त्याच वर्षी, गॅटविकचा नवा विमानतळ स्टेशनाला लागूनच उघडला. हीथ्रोला भुयारी रेल्वे पोचायला १९७७ उजाडले, तेव्हा इंग्रजांचेही सगळे शहाणपण वेळेवर आले असे नाही. आपल्याकडे मद्रासला मीनंबाक्कम विमानतळासमोर, रस्त्यापलीकडे, तिरुसुलम हे लोकलचे स्टेशन आहे. इकडे गोव्यातही लोंढ्याहून वास्कोला जाणारा रूळ दाभोळीवरून जातो.

मग मुंबईलाच हे का झाले नाही? माझ्या मते याचे कारण रुळांत किंवा जमिनीत शोधू नये. विमानाने जाणारा माणूस कसा असतो, याविषयीच्या समजुतीत ते आहे. १९५०-६० मध्ये विमानाचा प्रवासी म्हणजे मोठा अधिकारी, गिरणीमालक, परदेशी पाहुणा. तो स्वतःच्या मोटारीने येणार, नाहीतर विमान कंपनी त्याला शहरातल्या कचेरीपासून बसने नेणार. त्याच्यासाठी लोकलचा विचार कोण करील? विमानतळावर झाडणारे, सामान चढवणारे, उपाहारगृहात भांडी घासणारे लोक मात्र रोज लोकलनेच येत. अंधेरी आणि विलेपार्ल्याला उतरत, उरलेली वाट बसने किंवा पायी काढत. म्हणजे रेल्वे आणि विमानतळ यांचा संबंध पहिल्या दिवसापासून होता. तो नकाशावर दाखवण्याच्या योग्यतेचा कोणाला वाटला नाही, इतकेच.

ही समजूत १९७३ नंतर खरे तर मोडायला हवी होती. तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामे निघाली आणि विमानात सुतार, गवंडी, फिटर, स्वयंपाकी बसू लागले. रत्नागिरीचा, गोव्याचा, आमच्या खानापूर-बेळगावचा माणूस ट्रंक घेऊन मुंबईला येऊ लागला, आणि तो रेल्वेने नाहीतर एस. टी. नेच येत होता. १९७९ च्या सप्टेंबरात सांताक्रुझच्या इमारतीला आग लागली. परदेशी उड्डाणांसाठी सहारची नवी इमारत १९८१ च्या सुमारास वापरात आली. संधी चालून आली होती. पण सहार हे धावपट्ट्यांच्या ईशान्येला, रुळांपासून आणखी आत. ज्या वर्षांत विमानाचा प्रवासी गरीब झाला, त्याच वर्षांत त्याचे विमान स्टेशनापासून दूर गेले. अण्णा गेले ते या सहारवरून.

पुढची तीस वर्षे उड्डाणपूल बांधण्यात गेली. २००४ मध्ये मुंबईसाठी १४६ किलोमीटरच्या मेट्रोचा आराखडा झाला. विमानतळाखालून जाणारा कुलाबा-वांद्रे-सीप्झ मार्ग आजच्या रूपात त्यानंतर ठरला. २०१४ हे साल मला फार बोलके वाटते. फेब्रुवारीत नवे टर्मिनल २ वापरात आले आणि द्रुतगती महामार्गावरून मोटारींना थेट दारात नेणारा सहारचा उन्नत रस्ता त्याच्याबरोबरच खुला झाला. जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. तिच्या एका स्टेशनाचे नाव 'एअरपोर्ट रोड'. विमानतळ नव्हे, विमानतळाचा रस्ता! तिथे उतरून पुढे पुन्हा रिक्षा. मोटार दारात पोचली आणि गाडी वेशीवर थांबली.

मेट्रो ३ चे काम सोपे नव्हते. साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशने, त्यांपैकी २६ जमिनीखाली. जिच्यावर विमानांची ये-जा चालूच आहे अशा भूमीखालून बोगदा न्यायचा. आरेतल्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडे तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाला ती तोड थांबवावी लागली. कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये पुन्हा आरेलाच आले. त्या झाडांबद्दल ज्यांना हळहळ वाटली त्यांच्यात मीही होतो, आणि मेट्रो व्हावी असे वाटणाऱ्यांतही होतो. दोन्ही एकाच वेळी वाटू शकते. मूळ २३,१३६ कोटींचा खर्च ३७ हजार कोटींवर गेला. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला आणि टर्मिनल १ व टर्मिनल २ या दोहोंच्या खाली स्टेशने उघडली. मुलकी विमाने सांताक्रुझला आली त्याला शहात्तर वर्षे झाली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्ग कफ परेडपर्यंत पुरा झाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अण्णांची नात शिकायला जर्मनीला निघाली. मी हट्टाने बरोबर गेलो. गाडी दादरला उतरली. मेट्रोचे दादर स्टेशन पश्चिमेला गोखले रस्त्यावर आहे, म्हणजे पुन्हा तोच पूल, तीच गर्दी, तेच फुलवाले. दोन गाड्यांच्या मध्ये हमाल लागलाच, ही गोष्ट आखणी करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी होती. पण एकदा जिना उतरलो आणि शीतलादेवी, धारावी, वांद्रे-कुर्ला संकुल, वांद्रे कॉलनी, सांताक्रुझ, टर्मिनल १, सहार रोड अशी आठवे स्टेशन येईपर्यंत नात मोबाईलवर बोलत होती. तिला यात काही विशेष वाटले नाही. तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, बरोबर होत्या. टॅक्सीतल्या जागा मोजाव्या लागल्या नाहीत.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. त्यांचा पहिला प्रश्न, "टॅक्सीला किती झाले?"

आता नवी मुंबईला दुसरा विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ ला तिथून पहिली विमाने उडाली, तेव्हा थेट इमारतीत उतरवणारी मेट्रो नव्हती. दोन विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रो ८ ची आखणी झाली आहे. आमची चालुक्य किंवा महालक्ष्मी पुण्याहून कल्याणमार्गे जाते, पनवेलवरून नव्हे. त्यामुळे सीमाभागातल्या माणसाचे तिकीट उद्या त्या नव्या विमानतळाचे निघाले, तर कुठल्या स्टेशनावर उतरायचे आणि पुढे कशाने जायचे, हे त्याला निघण्यापूर्वी कुणा मामाला विचारूनच ठरवावे लागेल.