बिदरचे सरदार आणि आपला गोवा

परीकथेतल्या राज्यात शूर सरदार असतात. अंगावर चिलखत, हातात भाला, ओठांवर राजनिष्ठेची शपथ. आपल्या दख्खनेतही सरदार होते, पण त्यांची निष्ठा शपथेपेक्षा हिशेबावर तोलली जाई.

बिदर जिल्ह्यातले औराद म्हणजे मराठी, कानडी, उर्दू तिन्ही भाषा कानी पडणारे सीमेवरचे गाव. पंधराव्या शतकात हा मुलूख बहमनी राजधानीच्या दाराशी होता. सुलतान सरदाराला एखाद्या भागाचा महसूल लावून देई. त्या बदल्यात सरदाराने ठरलेले घोडेस्वार पदरी बाळगायचे आणि बोलावणे येताच मोहिमेवर निघायचे. जमीन त्याची नव्हे, उत्पन्न त्याचे. तेही चाकरी चालू असेपर्यंत.

पण मोठे सरदार, म्हणजे तरफदार, प्रांत आणि किल्ले घरचेच मानू लागले. वजीर महमूद गवान याने त्यांना लगाम घातला. चार तरफांच्या आठ केल्या, तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. स्वार कमी भरले, तर तेवढी रक्कम वसूल होऊ लागली.

याच गवानने १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकला. बिदरला त्याने बांधलेला मदरसा पडझड सोसून आजही उभा आहे.

दुखावलेल्या सरदारांनी त्याचा शिक्का मिळवून ओरिसाच्या राजाला लिहिलेले खोटे पत्र रचले. तिसऱ्या महंमदशहाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीतल्या वजिराचा शिरच्छेद करविला. त्यानंतर बडे सरदार सुलतानापासून दूर, वेगळी छावणी ठोकून राहू लागले. इमानाने चाकरी करणाऱ्याचे हे फळ, तर दुसऱ्यांनी भरवसा कुणावर ठेवावा? वर्षभरात सुलतानही गेला, आणि पुढे एका राज्याची पाच राज्ये झाली.

गोवा विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने तो कायमचा घेतला, तेव्हा त्याच्यासमोर अखंड दख्खन नव्हती.

सरदारांची कर्तव्ये आपण मोजतो. राजाचेही एक कर्तव्य असते, इमानी माणसाचे ऐकून घेण्याचे. बिदरला ते चुकले, आणि त्याची किंमत मोजणाऱ्यांत आपलेही पूर्वज होते.