मॅनिंग, पेटन

मॅनिंग, पेटन : (२४ मार्च १९७६). अमेरिकन फुटबॉलमधील निवृत्त क्वार्टरबॅक (संघाच्या चढाईचा सूत्रधार खेळाडू), दूरचित्रवाणी-समालोचक, निर्माते व उद्योजक. जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स येथे. वडील आर्ची आणि धाकटे बंधू ईलाय हेही क्वार्टरबॅकच. टेनेसी विद्यापीठात नाव कमावल्यावर १९९८ च्या खेळाडू-निवडीत इंडियानापोलिस कोल्ट्सने त्यांना पहिल्याच क्रमांकावर घेतले. मानेच्या दुखण्यामुळे २०११ चा हंगाम हुकला. पुढील वर्षी ते डेन्व्हर ब्राँकोजकडे गेले. दोन्ही संघांना त्यांनी एकेकदा सुपर बोल (अजिंक्यपदाचा अंतिम सामना) जिंकून दिला. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची पाच वेळा निवड झाली. मार्च २०१६ मध्ये निवृत्ती.

चेंडू खेळात येण्यापूर्वीच्या काही सेकंदांत प्रतिस्पर्ध्यांची बचावरचना ओळखायची आणि ठरलेली चाल जमणार नसेल, तर सांकेतिक शब्द ओरडून ती बदलायची, यात मॅनिंग यांचा हातखंडा होता. ‘ओमाहा’ ही त्यांची आरोळी घरोघरी पोचली. जानेवारी २०१४ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या सामन्यात या आरोळीमागे ८०० डॉलर देण्याचे ओमाहा शहरातील काही कंपन्यांनी जाहीर केले. मॅनिंग ३१ वेळा ओरडले आणि २४,८०० डॉलर त्यांच्या सेवासंस्थेला मिळाले.

प्रक्षेपण : पुढे त्यांनी हेच नाव घेऊन ‘ओमाहा प्रॉडक्शन्स’ ही निर्मितिसंस्था काढली. सप्टेंबर २०२१ पासून ईएसपीएन-२ वाहिनीवर ‘मॅनिंगकास्ट’ सुरू झाले. सोमवारच्या काही सामन्यांचे नेहमीचे समालोचन मुख्य वाहिनीवर चालू असताना पेटन व ईलाय वेगवेगळ्या ठिकाणी बसून तोच सामना पाहतात, पाहुण्यांशी गप्पा मारतात आणि चाल होण्याआधीच क्वार्टरबॅक काय हेरतो आहे ते सांगतात. एरवी हेल्मेटआड राहणारा विचार त्यामुळे सामान्य प्रेक्षकालाही उमगू लागला. या कार्यक्रमाचे खरे मोल हेच. तीन क्वार्टरबॅकचा अख्खा हंगाम टिपणारी नेटफ्लिक्सवरील ‘क्वार्टरबॅक’ (२०२३) ही माहितीपट-मालिका याच संस्थेच्या सहनिर्मितीची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्‌घाटनसोहळ्याचे एनबीसीवरील सूत्रसंचालनही त्यांनी सहकाऱ्यांसह केले.

व्यवसाय : खेळत असतानाच, २०१२ मध्ये, त्यांनी कोलोरॅडोतील पापा जॉन्स पिझ्झाच्या २१ दुकानांत भागीदारी घेतली, २०१८ मध्ये ती विकली. विमा कंपनी नेशनवाइडसह अनेक कंपन्यांच्या जाहिरातींतील त्यांचा मिश्कील चेहरा अमेरिकी प्रेक्षकांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

समाजकार्य : ‘पेबॅक फाउंडेशन’ त्यांनी १९९९ मध्ये, म्हणजे व्यावसायिक कारकीर्द नुकती सुरू झाली असताना, स्थापन केले. वंचित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना ते अनुदान देते. जिथे आपण वाढलो, शिकलो आणि खेळलो, त्या लुइझियाना, टेनेसी, इंडियाना व कोलोरॅडो राज्यांवर त्याचा भर आहे. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर दोघा भावांनी पाणी, बाळांचे दूध, लंगोट अशी मदत विमानाने लुइझियानात पोचवली. त्याच वर्षाचा, मैदानाबाहेरील सेवेचीही दखल घेणारा ‘वॉल्टर पेटन’ पुरस्कार त्यांना मिळाला. इंडियानापोलिसच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयातील बालविभागाशी जडलेल्या नात्यातून २००७ मध्ये तेथील बालरुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले. मॅनिंग २०१२ मध्ये शहर सोडून गेले, तरी ते नाव कायम राहिले. २०२१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०२३ पासून ते टेनेसी विद्यापीठाच्या संज्ञापन महाविद्यालयात विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करू लागले.