शंभर डॉलरचा लॅपटॉप आणि स्मृतीची चणचण

शाळेला देणगी म्हणून मिळालेले जुने लॅपटॉप सुरू होतात, पण चालत नाहीत. पडद्यावर चित्र स्थिर होईपर्यंत अर्धी तासिका संपलेली असते. अशा यंत्रावर कोणती कार्यप्रणाली घालावी, असे शिक्षक आम्हांला विचारतात. हाच प्रश्न विसेक वर्षांपूर्वी एका वेगळ्या निमित्ताने जगभर गाजला होता. ती हकिकत आधी पाहू.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेतील निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली गरीब देशांतील मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. पहिल्या नमुन्याला वीज निर्माण करण्यासाठी हाताने फिरवायचा दांडा होता. पुढे तो गळाला आणि शंभर डॉलरही राहिले नाहीत. २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती. ‘एक्सओ’ नावाच्या या यंत्राची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती. हार्ड डिस्क नव्हतीच. तिच्या जागी १ गिगाबाइटची फ्लॅश स्मृती बसवली होती.

ॲपल कंपनीने आपली कार्यप्रणाली फुकट देऊ केली होती. संयोजकांनी ती नाकारली. मुलांना यंत्राच्या आत डोकावता यावे, आज्ञावली वाचता आणि बदलता यावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून लिनक्स निवडले गेले.

येथे थोडे थांबून स्मृती कमी पडते म्हणजे काय होते ते समजून घेऊ. शिक्षकाचे टेबल म्हणजे स्मृती आणि मागचे कपाट म्हणजे डिस्क, असे समजा. टेबल भरले की काही वह्या कपाटात ठेवाव्या लागतात, आणि लागतील तेव्हा पुन्हा काढाव्या लागतात. कार्यप्रणालीही हेच करते. पण फिरत्या डिस्कवरून एखादी गोष्ट शोधून आणायला स्मृतीच्या सुमारे लाखपट वेळ लागतो! जुना लॅपटॉप हँग होतो तेव्हा बहुधा तो विचार करत नसतो, या खेपा घालत असतो.

एक्सओला तर खेपांचीही सोय नव्हती. फ्लॅश स्मृतीवर वारंवार लिहिले तर ती झिजते, त्यामुळे तिचा कपाटासारखा वापर टाळला होता. टेबल भरले की कार्यप्रणाली चालू असलेला एखादा कार्यक्रम सरळ बंद करून टाकी. या प्रकल्पातील जिम गेटिस यांनी नव्या आज्ञावलींच्या बेफिकीर स्मृतिखर्चावर बोट ठेवले आणि काटछाट सुरू केली. परंतु त्याच यंत्रावर मुलांसाठी लिहिलेला ‘शुगर’ हा पृष्ठभाग पायथॉन भाषेत होता. प्रत्येक कृती उघडताना पायथॉनचा सगळा संसार नव्याने मांडावा लागे. तळाशी कात्री चालवायची आणि वर ओझे चढवायचे, असा हा प्रकार झाला. मुलांसाठीची शुगरची मांडणी मात्र विचारपूर्वक केलेली होती, हेही सांगितले पाहिजे.

२००८ साली एक्सओवर विंडोज एक्सपी चालवण्याचा करार झाला. मौज अशी, की २००१ ची ही प्रणाली २५६ मेगाबाइट स्मृतीत सहज मावत होती. मावत नव्हती ती १ गिगाबाइटच्या साठवणीत. त्यासाठी वेगळे कार्ड घालावे लागले. शुगरचे एक जनक वॉल्टर बेंडर त्याच सुमारास प्रकल्पातून बाहेर पडले आणि त्यांनी ‘शुगर लॅब्ज’ सुरू केली.

भारत सरकारने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. आक्षेप यंत्राबद्दल नव्हता, त्यामागच्या शिक्षणविचाराबद्दल होता. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळील खैराटच्या एकशिक्षकी शाळेत हे लॅपटॉप चाचणीसाठी आले.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती लागते आणि प्रोसेसरही त्यामानाने नवा लागतो. म्हणून पुन्हा लिनक्स. मात्र लिनक्स म्हटले की हलके, हा समज खरा नाही. वजन ठरते ते डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागावर. १ ते २ गिगाबाइटच्या यंत्राला एक्सएफसीई किंवा एलएक्सडीईसारखा साधा पृष्ठभाग मानवतो. त्याहून कमी असेल तर अँटीएक्ससारखी मुद्दाम सडपातळ ठेवलेली प्रणाली बघावी. ब्राउझर मात्र कोठेही तितकाच खादाड. पाच पाने एकदम उघडली, की सारी बचत गेली.

प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४, हे आधी तपासा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे. यांपैकी बहुतेक प्रणाली आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. तेव्हाच एक मराठी वाक्य टंकून बघावे. वजन कमी करताना टंक गाळलेले असतात, आणि मग अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. डेबियनच्या भांडारातील ‘लोहित’ हा देवनागरी टंक घातला, की ते जातात.