बाग कुणाची?

माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण परसातल्या तुळशी-अळवाने मला थोडेफार शिकविले आहे. कुंपण, माती आणि रोजचे पाणी असले की बाग झाली. मात्र ती कुणाची, हे राबणाऱ्या हातांवरून ठरते.

मुंबईची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. पुढे तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले. तेथे आपण पाहुण्या. झाडे राखतो तो पगारी माळी. ही सार्वजनिक बाग.

न्यूयॉर्क शहरात १९७३ साली निराळेच घडले. लिझ ख्रिस्ती या चित्रकर्तीने सोबत्यांसह कचऱ्याने भरलेली एक पडीक जागा साफ केली आणि भाजीचे ६० वाफे लावले. १९७४ साली शहराने ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्याने दिली. १९८५ साली ती वारली. बाग मात्र तिच्या नावाने आजही आहे, आणि लोकच ती राखतात. ही सामुदायिक बाग.

आपल्या मंडळामागच्या वाफ्यांना पहिल्या वर्षी सर्वजणी पाणी घालीत. यंदा आम्ही तिघीच उरलो. अशाने ती बाग तिघींची होईल, मंडळाची राहणार नाही. तेव्हा भगिनींनो, पाण्याचे वार वाटून घेऊ या.