झेंडूचीं फुलें आणि गाणारे कवी

१९२३ सालीं पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झालें. त्यांतील यशवंत आणि गिरीश हे कवी आपल्या कविता सभांतून चालीवर म्हणूं लागले व श्रोत्यांची गर्दी लोटूं लागली. ग्रामोफोन थोड्याच घरीं होता, नभोवाणी यावयाची होती. नाट्यपदें सोडलीं तर सुशिक्षित कुटुंबांचें लोकप्रिय गाणें तें हेंच. पण लोकप्रियतेच्या पाठोपाठ अनुकरण येतें, आणि गळा बरा असला कीं कवित्व सिद्ध झालें अशी समजूत बळावते.

अशा वेळीं, १९२५ मध्यें, प्रल्हाद केशव अत्रे यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें ‘झेंडूचीं फुलें’ प्रसिद्ध केलीं. त्यांची रीत साधी होती : वृत्त तेंच, यमकांचा थाट तोच, विषय मात्र स्वयंपाकघरांतला. ‘प्रेमाचा गुलकंद’ मध्यें प्रियकरानें रोज दिलेल्या गुलाबांचा प्रेयसी बरणीभर गुलकंद करून ठेवते. प्रेमाची ती अद्भुत सृष्टि बरणींत मावली, यांतच सारा विनोद आहे. हें काम कच्च्या कानाच्या माणसाचें नव्हे. मात्रा चुकली कीं विडंबन संपतें आणि नुसती चेष्टा उरते.

तरीही येथें थोडा अन्याय झाला असें आम्हांस वाटतें. माधव जूलियन हे फारसीचे पंडित. मराठींत गज्जल रुजविण्यासाठीं त्यांनीं श्रम केले, ‘छन्दोरचना’ लिहिली. अनुकरण करणाऱ्यांबरोबर तेही हास्याचे धनी झाले. मूळ कविता कधीं न वाचलेल्यांनाही विडंबन पाठ असतें, हें कोणत्या कवीस रुचेल?

गाणारी कविता मात्र या हंशानें मेली नाहीं. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच आमच्या विदर्भांतील मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजांत ध्वनिमुद्रिकेवर आली, आणि भावगीत घरोघर पोंचलें. चेष्टा करणारे व झालेले पुढें एकाच मानाच्या पंगतींत बसले : साहित्य संमेलनाचे अध्यक्ष १९३६ सालीं माधव जूलियन, १९४२ सालीं अत्रे, १९४६ सालीं मंडळाचेच जुने सभासद माडखोलकर, १९५० सालीं यशवंत.

१९६९ सालीं संमेलन आमच्या वर्ध्यास भरलें तेव्हां अध्यक्षपदीं पु. शि. रेगे होते. त्यांची अल्पाक्षरी कविता गळ्यावर फारशी विसंबणारी नव्हे. ती मनाशीं वाचावयाची.